शिकता शिकता कमाई : पदार्थविज्ञानाच्या एका विद्यार्थ्याचा अनुभव

आपल्या महाविद्यालयात कला शाखेचे विद्यार्थी बहुसंख्य, विज्ञानवाले आम्ही मूठभर. त्यामुळे मित्रमंडळी मला नेहमी विचारतात, “पदार्थविज्ञान घेऊन तू संध्याकाळी मोटारी दुरुस्त करीत बसतोस, मग आय.टी.आय.लाच का गेला नाहीस?” प्रश्न थट्टेचा असला तरी त्यात तथ्य आहे. पदवीचे शिक्षण आणि पगारी काम यांचा मेळ कसा बसतो, बसवावा की नाही, याविषयी माझ्या अल्प अनुभवाच्या आधारे चार शब्द लिहावेत, एवढाच या लेखाचा हेतू.

कमवून शिकण्याची कल्पना आपल्या मातीला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली, ती स्वावलंबनाच्या पायावर. १९४७ साली साताऱ्यास निघालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात तर ‘कमवा आणि शिका’ हाच शिक्षणाचा मार्ग ठरला. तिकडे अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ पासून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आळीपाळीने वर्गात आणि कारखान्यात पाठविण्यास सुरुवात केली. दोन्ही कल्पनांत मात्र एक फरक आहे. कर्मवीरांच्या योजनेत श्रमाने शिक्षणाचा खर्च भागावा आणि श्रमाची प्रतिष्ठा वाढावी, हा हेतू मुख्य. श्नायडरांच्या योजनेत काम हाच अभ्यासाचा एक भाग. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला यांपैकी दुसरे साधता आले, तर पहिले आपोआपच साधते.

मी दुसऱ्या वर्षाला असताना बसभाडे आणि परीक्षा-शुल्क यांची तोंडमिळवणी होईना, म्हणून तालुक्याच्या गावातील एका मोटार रिवायंडिंगच्या दुकानात रोज संध्याकाळी तीन तास जाऊ लागलो. आरंभी काम जळक्या मोटारीतली तार उपसण्याचे आणि खाचा साफ करण्याचे. हात काळे होत, अंगाला व्हार्निशचा वास येई. आपण शिकतो ते शास्त्र आणि हे काम यांचा काही संबंध असेल, असे पहिला महिनाभर तरी वाटले नाही.

संबंध जुळला तो एका साध्या प्रश्नाने. चार ध्रुवांची मोटार ५० हर्ट्‌झच्या विजेवर चालते, तेव्हा तिच्यातले चुंबकक्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते. पण मोटारीवरच्या पत्र्यावर १४४० लिहिलेले असते. उरलेले ६० फेरे कोठे जातात? मालक म्हणाले, “ते तुझ्या पुस्तकात बघ.” पाहिले, तर उत्तर फॅरडेने १८३१ साली शोधलेल्या नियमातच होते. आतला फिरता भाग क्षेत्राच्या बरोबरीने धावला, तर क्षेत्रात बदल जाणवणार नाही. बदल नाही म्हणजे प्रवाह नाही, आणि प्रवाह नाही म्हणजे ओढ नाही. म्हणून मोटारीला थोडे मागे राहावेच लागते. हा नियम मी परीक्षेत दोनदा लिहिला होता. समजला मात्र त्या दिवशी.

दुकानात येणाऱ्या मोटारी बहुधा एक फेज गेल्याने जळालेल्या असत. तीन फेजांपैकी एक तुटली तरी चालती मोटार थांबत नाही. तेवढेच पाणी ओढण्यासाठी उरलेल्या दोन फेजांतून सुमारे १.७ पट प्रवाह घेते. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळजवळ तिप्पट होते. जूलचा नियम असा नाकाने शिकावा लागतो!

आता माझ्या चुकीविषयी. एका शेतकऱ्याची पाच एच.पी.ची मोटार नव्याने भरून, तासभर चालवून तयार ठेवली होती. मालक बाहेर गेले होते. मी मीटर लावला. वहीत त्या जातीच्या मोटारीला दर वेटोळ्यामागे ४.० ओहम लिहिलेले. मीटर तिन्हींना ४.९ दाखवी. तिन्ही सारखीच जास्त, म्हणजे सांधा सैल नाही. तेव्हा तारच बारीक गेजची वापरली असणार, असा निष्कर्ष मी काढला, आणि तो शेतकऱ्याच्या समोरच बोलून दाखविला. मालक परतले तेव्हा तो माणूस संतापलेला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाले, “मीटर ठेव. मोटारीला हात लाव.”

मोटार चांगलीच तापलेली होती. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के वाढतो. ६० अंशांनी तापले तर जवळजवळ चौथा हिस्सा वाढणार. ४.० चे ४.९ झाले ते एवढ्यानेच. याच विषयावर चाचणी परीक्षेत मला दहांपैकी आठ गुण होते. शेतकऱ्याचा विश्वास उडालेला. गार झाल्यावर पुन्हा मोजल्याशिवाय तो मोटार नेईना. सकाळी आकडा ४.१ आला. परंतु त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीचीच होती. त्याची पाण्याची एक पाळी बुडाली आणि मालकांच्या प्रामाणिकपणावर विनाकारण शिंतोडा उडाला. मालकांनी माझे पैसे कापले नाहीत. मोटार बसवायला मात्र मलाच शेतावर पाठविले, आणि माफीही मीच मागितली.

पगारी कामाचे खरे मोल मला येथे कळले. प्रयोगशाळेत चूक झाली तर जर्नलमधली एक ओळ खोडावी लागते. दुकानात तीच चूक कोणाच्या तरी पिकाला भोवते. पैसे घेतले की उत्तरदायित्वही घ्यावे लागते. आता प्रयोगशाळेतही मी रोध मोजण्यापूर्वी तापमान लिहून ठेवतो.

या मार्गाला दुसरी बाजूही आहे. पहिल्या सत्रात माझी तीन प्रात्यक्षिके बुडाली आणि गुण घसरले. म्हणून काम धरणाऱ्यांनी काही पथ्ये पाळावीत. कामाचे तास आणि मोबदला आधीच ठरवून घ्यावा. परीक्षेच्या महिन्यात सुट्टी मिळेल काय, हे विचारावे. पुरेशी माहिती झाल्याखेरीज चालू विजेला हात लावू नये. आणि वर्षभर केवळ झाडलोटच करावी लागत असेल, तर दुसरे काम पाहावे. उपकरण-दुरुस्ती, शाळकरी मुलांच्या शिकवण्या, प्रयोगशाळेतील मदतनिसाचे काम, यांतही आपला विषय भेटतो. वेळ थोडाच मिळतो, ही तक्रार मात्र फारशी टिकत नाही. सर चंद्रशेखर वेंकट रामन १९०७ ते १९१७ अशी दहा वर्षे कलकत्त्यास मुख्यत्वे सरकारी हिशेबखात्यात नोकरी करीत होते. संशोधन होई ते कचेरीच्या आधी आणि नंतर.

आपण कोणी रामन नव्हे. तरीपण संध्याकाळचे तीन तास आपल्याही हाती असतात. मित्रांच्या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच, की मोटार दुरुस्त करायला मी आय.टी.आय.त शिकलो असतो, तर कदाचित अधिक चांगला कारागीर झालो असतो. परंतु ते ६० फेरे कोठे गेले, हे विचारण्याची खोड मला पदार्थविज्ञानाने लावली, आणि उत्तर तपासून घेण्याची शिस्त त्या दुकानाने.

— तृतीय वर्ष, बी. एस्सी.