गाय गाभडली? वार उघड्या हातानं उचलू नका

आज बोलू या जनावरांच्या गाभडण्याबद्दल.

गाभ गेला की आपण म्हणतो, मार लागला, ऊन लागलं, नजर लागली. पण गाय-म्हैस पाचव्या महिन्यानंतर गाभडली, वार अडकली, किंवा कळपातल्या दोन-तीन मेंढ्यांनी शेवटच्या दोन महिन्यांत गाभ टाकला, तर पहिली शंका ब्रुसेलोसिसची घ्यायची. हा जिवाणूंचा रोग आहे. त्यालाच सांसर्गिक गर्भपात म्हणतात.

हा रोग फसवा आहे. गाय बहुधा एकदाच गाभडते. पुढच्या वेळी नीट विते, खाते-पिते, दूध देते. आपल्याला वाटतं, बरी झाली. पण जंतू अंगात राहतात आणि दुधातून, विताना वारेतून बाहेर पडतात. जनावरावर याचा खात्रीचा इलाज नाही. म्हणून तपासणी हवी.

तपासणी कशी होते? डॉक्टर रक्त घेतात. रक्तातल्या पाण्याच्या थेंबात गुलाबी औषधाचा थेंब मिसळतात. काही मिनिटांत गुठळ्या दिसल्या तर रोगाची शंका पक्की धरतात आणि खात्रीसाठी नमुना प्रयोगशाळेत जातो. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. गाईच्या दुधाचीही चाचणी असते, त्यात सायीपाशी निळसर कडं दिसतं. शेळी-मेंढीला मात्र रक्ताचीच तपासणी करावी.

एकदा 'नाही' आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. नुकतीच गाभडलेली असेल तर खूण रक्तात उशिरा उमटते. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासा. लस दिलेली असेल तर तेही सांगा, कारण लसीमुळेही खूण दिसू शकते.

आता आपल्या जिवाचं. वार ओढणं, गोठा झाडणं, धार काढणं ही कामं आपलीच. जंतू हाताच्या जखमेतून, कच्च्या दुधातून माणसात येतात. मग येऊन-जाऊन ताप, रात्रीचा घाम, सांधेदुखी. असा ताप हटत नसेल तर दवाखान्यात सांगा, "आमच्याकडे जनावर गाभडलंय." हे वाक्य सांगितलं तर डॉक्टर योग्य तपासणी करतील. माणसाला यावर औषध आहे, पण ते काही आठवडे पूर्ण घ्यावं लागतं.

वार, मेलेलं वासरू उचलताना हातमोजे घाला, तोंड झाका. चुना टाकून खोल पुरा, कुत्र्याला टाकू नका. गरोदर बाईनं तिथं जाऊच नये. दूध उकळूनच प्या.

गाईची कालवड, म्हशीची पारडी ४ ते ८ महिन्यांची असताना लस द्या. आयुष्यात एकदाच द्यावी लागते आणि २०१९ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती मोफत आहे. नवं जनावर आणलं तर महिनाभर वेगळं बांधून, तपासूनच गोठ्यात घ्या.

गटाच्या बैठकीत बचतीच्या वहीशेजारी आणखी एक वही ठेवा: कानातल्या बिल्ल्याचा नंबर, कधी गाभडली, कितवा महिना, तपासणी कधी, लस कधी. आणि रोगी गाय गुपचूप बाजारात विकू नका. ती कुठल्या तरी दुसऱ्या बाईच्याच दावणीला जाणार आहे.