सात दात्यांचा दगड

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या मध्यभागी, हिल्सबरो आणि गॉसेलच्या परिसरात, एक चुनखडीचा दगड पुन्हा पुन्हा भेटतो. कधी वस्तुसंग्रहालयात, कधी एखाद्या शेतघराच्या फाटकाशी. लांबी साधारण तीस इंच, वजन तीनशे किलोंच्या पुढे, आणि अंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरलेले सात जाड दाते. दोन्ही टोकांना मधोमध लोखंडी खुंटीची जागा. अनोळखी माणसाला तो एखाद्या प्रचंड यंत्राचं दातेरी चाक वाटेल. पण ज्याने लहानपणी खळं पाहिलंय, तो मराठी वाचक लगेच ओळखेल: हे मळणीचं अवजार आहे.

खुंट्यांना लाकडी चौकट, चौकटीला घोडे. चोपून टणक केलेल्या जमिनीवर गव्हाच्या पेंढ्या सोडून पसरायच्या आणि त्यांवरून दगड गोल फिरवायचा. गुळगुळीत रूळ असता तर ओंब्या नुसत्याच दबल्या असत्या. दात्यांमुळे दगड धडधडत जातो. एक दाता आपटतो, मधल्या खाचेत काड सैल होतं, दुसरा दाता येतो आणि दाणा मोकळा होतो. आपल्याकडे मेढीभोवती फिरणारी बैलांची पात जे काम खुरांनी करायची, ते इथे सात दाते करत. पुढचं सगळं ओळखीचं. काड झटकून बाजूला सारायचं, वारा सुटायची वाट पाहायची आणि उफणायला उभं राहायचं.

हा दगड कॅन्ससच्याच खाणीतला, पण त्याचा घाट आला काळ्या समुद्राच्या उत्तरेकडून, मेनोनाइट शेतकऱ्यांच्या डोक्यातून. त्यातले एक याकोब वीबे.

मेनोनाइट म्हणजे सोळाव्या शतकातल्या मेनो सायमन्सचं नाव लावणारे ख्रिस्ती. बाप्तिस्मा जाणत्या वयात घ्यायचा आणि शस्त्र हाती धरायचं नाही, या दोन गोष्टींवर ते अडून राहिले. रशियाच्या दुसऱ्या कॅथरीनने सैन्यातून सूट देऊ केली, म्हणून व्हिस्चुला नदीच्या खोऱ्यातून ते आजच्या युक्रेनमध्ये गेले. मोलोच्ना नदीकाठी 1804 पासून त्यांची गावं वसली. शंभर वर्षं व्हायच्या आतच, 1870 च्या दशकात, रशियाने सक्तीची लष्करभरती आणली. तेव्हा सुमारे अठरा हजार माणसांनी घरदार आवरलं आणि अमेरिका-कॅनडाची वाट धरली.

वीबे क्रायमियात शेती करत आणि 1869 पासून एका लहानशा मेनोनाइट पंथाचे प्रमुखही होते. कॅन्ससमध्ये त्यांनी सांता फे रेल्वे कंपनीकडून बारा सेक्शन, म्हणजे साडेसात हजार एकरांहून जास्त जमीन ठरवली. ऑगस्ट 1874. पीबडी स्टेशनवरून बायकामुलांना गाडीत घालून ते माळरानावर निघाले. चहूकडे उंच गवत, ना झाड ना छप्पर. मध्येच गाडी थांबली. का थांबलात, असं पत्नीने विचारलं. आता इथेच राहायचं, असं त्यांनी सांगितलं आणि ती रडू लागली. ही आठवण खुद्द वीबेंनी पुढे नोंदवून ठेवली आहे. शेकडो माणसांचं पुढारपण केलेल्या माणसाला म्हातारपणी बायकोचे अश्रू सांगावेसे वाटले, याच कारणाने तो माणूस मनात घर करतो. त्याच उन्हाळ्यात टोळधाडीने कॅन्ससची पिकं फस्त केली होती. तिचं रडणं अगदी रास्त होतं.

त्या गावाचं नाव ग्नाडेनाऊ, कृपेचं कुरण. एका रस्त्याच्या कडेने गवताने शाकारलेली घरं आणि मागे शेतांच्या लांब पट्ट्या. अशा वस्त्यांत घर आणि गोठा बहुधा एकाच छपराखाली असत. मधोमध विटांची मोठी भट्टी, तीत गवत, काड नाहीतर वाळवलेलं शेण. गोवऱ्यांवर भाकरी भाजलेल्या बाईला त्या घरात परकं वाटलं नसतं.

मग गहू. या लोकांनी आणलेला टर्की रेड शरदात पेरायचा, बर्फाखाली तगायचा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर कापायला यायचा. मुलांनी दाणा दाणा निवडून बियाणं ट्रंकेत भरल्याची गोष्ट कॅन्ससमध्ये घरोघर सांगतात. इतिहासकार ती दंतकथा मानतात, पण गव्हाचा पराक्रम खरा होता. 1919 पर्यंत कॅन्ससच्या गव्हाखालच्या जमिनीपैकी सुमारे ऐंशी टक्क्यांवर टर्की रेड होता. जपानमध्ये तो फुल्ट्झ-दारूमाशी संकरित झाला आणि त्यातून 1935 साली नोरिन 10 हे बुटकं वाण आलं. बुटकेपणा दारूमाचा, पण वंशावळीत टर्की रेडही आहेच. नोरिन 10 पुढे नॉर्मन बोरलॉग यांच्या मेक्सिकन गव्हात उतरलं आणि तिथून भारतातल्या कल्याणसोना, सोनालिका या वाणांत. आपल्या पोळीचं क्रायमियाशी असलेलं हे नातं लांबचं आहे, पण खरं आहे.

दगडाचं नशीब मात्र आखूड. काही हंगामांतच मळणीयंत्रं आली आणि वीबेंच्या पिढीने ती बिनतक्रार स्वीकारली. धर्मात ताठ असलेले हे लोक शेतीत हट्टी नव्हते. गावाची रांगही लवकरच मोडली. जो तो आपापल्या शेतावर राहायला गेला. वीबेंनी 1900 साली पंथाची धुरा खाली ठेवली.

ज्या गोष्टीपासून पळून ते इथे आले होते, तिने त्यांना म्हातारपणी गाठलं. कॅन्ससने 1874 साली शांततावाद्यांना राज्याच्या शिबंदीतून सूट दिली होती, पण 1917 ची भरती वॉशिंग्टनची होती. मेनोनाइट तरुणांना याच राज्यातल्या फन्स्टन छावणीत नेण्यात आलं आणि गणवेश नाकारणाऱ्यांचे हाल झाले. घरात आणि प्रार्थनेत जर्मन बोलणारे शेतकरी शेजाऱ्यांना शत्रू वाटू लागले. बर्टन गावात 11 नोव्हेंबर 1918 रोजी, युद्ध थांबल्याच्या आनंदात, जमावाने युद्धरोखे न घेणाऱ्या एका मेनोनाइट शेतकऱ्याला त्याच्या शेतावरून ओढून आणलं आणि त्याच्या अंगाला पिवळा रंग फासला. त्या माणसाने उलट हात उचलला नाही. ऐंशी उलटलेले वीबे तेव्हा हयात होते. दोन खंडांत दोनदा गाव वसवलेल्या माणसाने या बातम्या कशा ऐकल्या असतील, या विचाराने जीव कासावीस होतो.

1921 साली वीबे गेले. त्याच सुमारास मोलोच्नाकाठी यादवी आणि दुष्काळाने माणसं मरत होती. नांगराला घोडे उरले नव्हते. अमेरिकेतल्या मेनोनाइटांनी 1920 साली एकत्र येऊन मदत समिती स्थापन केली होती. मार्च 1922 मध्ये तिची अन्नछत्रं तिकडे सुरू झाली. पाठोपाठ, ज्या गावांतून दगडाचा घाट आला होता त्या वस्त्यांसाठी, जहाजांतून पन्नास फोर्डसन ट्रॅक्टर रवाना झाले.