पाबळचा धडा: शाळेतून गावातलं काम

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पाबळ हे दुष्काळी पट्ट्यातलं गाव आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली इथे विज्ञान आश्रम सुरू केला. शिकलेल्या मुलाला गावातच कमाई करता यावी, असं शिक्षण त्यांना हवं होतं.

त्यातून माध्यमिक शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय उभा राहिला. आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हातानं काम करतात. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे त्याचे चार विभाग. मुलं वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, माती तपासतात, रक्तातलं हिमोग्लोबिन मोजतात. शाळेचं फाटक किंवा बाक दुरुस्त करताना लोखंड किती लागेल, कापताना वाया किती जाईल, मजुरी किती धरायची, हे सगळं वहीत मांडावं लागतं. गणित तिथे खरं कळतं. गावातल्या लोकांची छोटी कामंही मुलं रास्त दरात करून देतात.

मला सर्वांत मोलाची वाटते ती शिकवणाऱ्यांची निवड. गावातलाच कुशल कारागीर निदेशक होऊ शकतो. त्याला मानधन मिळतं आणि वर्गात मानही मिळतो.

मात्र हत्यारं, कच्चा माल आणि निदेशकाचं मानधन दरवर्षी वेळेवर मिळालं तरच हे टिकतं. ग्रामपंचायत, पालक आणि शिक्षण विभाग यांनी आधी याचीच तजवीज करायला हवी.