ऊन दारात, काम किती कोसांवर?

एक मेगावॉट सौर वीज माळरानावरच्या मोठ्या प्रकल्पातून काढली, तर त्यातून सुमारे साडेतीन माणसांना वर्षभर पुरेल इतकं काम निघतं. तीच वीज घराघरांच्या छपरांवरून काढली, तर हा आकडा जवळपास 25 वर जातो! दिल्लीच्या सीईईडब्ल्यू या अभ्याससंस्थेने एनआरडीसी या पर्यावरण संस्थेबरोबर मांडलेलं हे गणित वाचून मी थक्क झाले. ऊन तेच, पॅनल तेच, बदलली ती फक्त जागा. माळावर हजारो पॅनल रांगेने भराभर बसतात. छपरावर मात्र प्रत्येक घराचं माप वेगळं, सावली वेगळी, वायर कुठून न्यायची ते वेगळं, शिवाय घरमालकाशी बोलणं आणि कागदपत्रं आहेतच.

आता छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पैठणला येऊ. 1976 मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाचा नाथसागर जलाशय सुमारे 55 किलोमीटर लांब पसरलेला आहे. धरणाच्या पायथ्याशी 12 मेगावॉटचं जलविद्युत केंद्र आहे. त्यातलं यंत्र असं घडवलंय, की ते पाण्यावर वीज करू शकतं आणि उलटं फिरून खालचं पाणी परत वर चढवू शकतं. याच जलाशयावर तरंगते सौर पॅनल बसवण्याची योजनाही आहे. पाण्याच्या गारव्याने पॅनल कमी तापतात, जास्त वीज देतात आणि त्यांच्या सावलीत बाष्पीभवनही घटतं. पक्षी अभयारण्य आणि मासेमारी यांच्या प्रश्नावरून हा वाद हरित न्यायाधिकरणापर्यंत गेला, आणि तो प्रश्न खरा आहे. पण मला इथे दुसरंच विचारायचंय: या सगळ्या विजेतलं काम पैठण तालुक्यातल्या बाईच्या वाट्याला किती येईल?

भारतात छतावरच्या सौर क्षेत्रात बायकांचं प्रमाण 2019 च्या एका अभ्यासात 11 टक्के निघालं. जगभरात अक्षय ऊर्जेत ते 32 टक्के होतं.

कामासाठी शहर गाठायचं, तर पैठणहून छत्रपती संभाजीनगर पन्नासेक किलोमीटर. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, ते मोलाचंच. पण तिकीट निम्मं झालं तरी प्रवासाचे तास निम्मे होत नाहीत. सकाळचं पाणी, डबे, मुलांची शाळा आणि संध्याकाळची चूल यांच्यामध्ये जेवढा वेळ उरतो, तेवढ्या अंतरावरचंच काम तिला घेता येतं. पैठणीच्या मागावर इथल्या बायका बसतात, त्यात माग घरात किंवा गल्लीच्या टोकाशी असण्याचा वाटा मोठा आहे.

राजस्थानातल्या तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने हे फार आधी ओळखलं. शिकलेला तरुण प्रमाणपत्र मिळताच शहर गाठतो, म्हणून त्यांनी गावातच राहणाऱ्या मध्यमवयीन बायका, आज्यासुद्धा, निवडल्या. अक्षरओळख नसलेल्यांनाही रंगांच्या खुणांवरून सर्किट जोडायला शिकवलं. आफ्रिकेतल्या खेड्यांतून आलेल्या बायका, समान भाषा नसताना, सहा महिन्यांत सौर दिवे बसवायला आणि दुरुस्त करायला शिकून परतल्या. आपल्या मराठवाड्यातही 1993 च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागात रुजलेल्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या सखींनी सौर दिवे आणि सुधारित चुली आपल्याच गावात, ओळखीच्या दारांवर विकल्या.

पैठणच्याच जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला, 2024 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा 3 मेगावॉटचा प्रकल्प सुरू झाला. असे प्रकल्प गावाला खेटून येतात, ही मोठीच गोष्ट. पण गावाजवळ आलेलं काम गवत काढणं आणि पॅनल धुणं एवढंच असेल, तर अंतर मिटूनही बाई शिडीच्या तळाशीच राहते. इन्व्हर्टर उघडायला शिकवणारा वर्गही तेवढाच जवळ हवा. केंद्र सरकारचं सूर्यमित्र प्रशिक्षण मोफत आहे, पण ते निवासी आहे. तान्हं मूल असलेल्या बाईने काही महिने वसतिगृहात कसं राहावं? हाच अभ्यासक्रम तालुक्याच्या आयटीआयमध्ये अकरा ते चार का होऊ नये?

कारण छपरावरचं काम खरं तर तिच्यासाठी सोयीचंच आहे. छपराकडे जायची वाट बहुतेक वेळा घरातूनच जाते. भर दुपारी, ऊन सर्वांत कडक असताना, घरात बायकाच असतात. अशा वेळी दार वाजवणाऱ्या अनोळखी मेकॅनिकपेक्षा शेजारच्या वाडीतली, हातात मीटर घेतलेली बाई सहज आत घेतली जाते.