नोंद सरकारची, पुरावा सैनिकाचा

भारताच्या लष्करप्रमुखाला स्वतःच्या जन्मवर्षासाठी सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, ती जानेवारी २०१२ मध्ये. जनरल व्ही. के. सिंह यांचा जन्म १० मे १९५१ चा, असे शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र आणि लष्कराच्या अ‍ॅडज्युटंट जनरल शाखेचे दप्तर सांगत होते. मिलिटरी सेक्रेटरी शाखेच्या दप्तरात मात्र १० मे १९५० ही तारीख होती, कारण राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशअर्जात ती तशी भरली गेली होती. पहिली शाखा नोंदींची अधिकृत रक्षक, तर दुसरी बढत्या आणि नेमणुका पाहणारी. दोन्ही एकाच मुख्यालयातील. तरीही चार दशकांच्या सेवेत या दोन तारखांचा मेळ कोणी कायमचा घातला नाही.

न्या. आर. एम. लोढा व न्या. एच. एल. गोखले यांच्या पीठापुढे १० फेब्रुवारी २०१२ रोजी प्रकरण आले, तेव्हा संरक्षण मंत्रालयाने तक्रार फेटाळणारा आपला ३० डिसेंबर २०११ चा आदेश मागे घेतला. पण मूळ तारखेवर सरकार ठाम राहिले. न्यायालयाने स्पष्ट केले की, प्रश्न खऱ्या जन्मतारखेचा नसून सरकारी दप्तराने कोणती तारीख मान्य केली याचा आहे. सिंह यांनी याचिका मागे घेतली आणि ३१ मे २०१२ रोजी ते निवृत्त झाले. १९५१ मान्य झाले असते, तर त्यांना सुमारे दहा महिने अधिक मिळाले असते.

राजधानीने हा वाद सेनापती आणि मंत्री यांच्यातील सत्तासंघर्ष म्हणून पाहिला. कोणाचा उत्तराधिकारी कोण, यावर चर्चा रंगल्या. त्या धुरळ्यात एक साधा प्रशासकीय प्रश्न मात्र हरवला. लष्कराच्या सर्वोच्च अधिकाऱ्याची ही स्थिती असेल, तर ज्याचे सारे आयुष्य रेकॉर्ड ऑफिसातील एका कारकुनाच्या हस्ताक्षरावर अवलंबून आहे, त्या जवानाचे काय?

जवानाची कागदपत्रे दिल्लीत नसतात. ती त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. मराठा लाइट इन्फंट्रीची बेळगावला, तोफखान्याची नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सची खडकीला, महार रेजिमेंटची मध्य प्रदेशातील सागरला. भरतीच्या दिवशी त्याचे नाव, गाव, शिक्षण, जन्मतारीख लिहिली जाते. त्यानंतर लग्न, अपत्यजन्म, बढती, रजा, शिक्षा यांतील प्रत्येक घटना त्याची पलटण ‘पार्ट टू ऑर्डर’ काढून रेकॉर्ड ऑफिसला कळवते. सियाचीन किंवा नागालँडमधील तुकडीतून हा आदेश निघाला नाही, वाटेत गहाळ झाला किंवा चुकीच्या क्रमांकावर चढला, तर दप्तराच्या दृष्टीने ती घटना घडलेलीच नसते.

मराठी कुटुंबांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचे आडनावच नव्हे, तर पुष्कळदा पाळण्यातले नावही बदलत असे. माहेरची सुमन सासरी लक्ष्मी होई. नवऱ्याने पलटणीत एक नाव सांगितलेले असते, शिधापत्रिकेवर दुसरे असते आणि आधारवर तिसऱ्याच प्रकारे लिहिलेले असते. आडनाव आधी लिहिण्याची आपली सवय परप्रांतीय कारकुनाला ठाऊक नसली, की ‘पाटील’ हेच जवानाचे नाव होऊन बसते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख लिहून दिल्याची उदाहरणे तर गावोगाव सापडतात. नवरा हयात असेपर्यंत यातले काहीच बोचत नाही. तो गेला, की कुटुंब निवृत्तिवेतनाच्या अर्जावर शेरा पडतो: नाव जुळत नाही.

या नोंदींना किती किंमत आहे, हे निवृत्तिवेतनाच्या नियमांवरून कळते. जवानाला सेवा निवृत्तिवेतन मिळण्यासाठी साधारणपणे १५ वर्षांची अर्हताकारी सेवा लागते. विनापरवाना गैरहजेरीचे दिवस त्यातून वजा होतात. म्हणजे मंजूर रजेची नोंद राहून ती गैरहजेरी ठरली, तर काही दिवसांच्या तुटीमुळेही निवृत्तिवेतनाचा हक्क धोक्यात येतो. तूट माफ करण्याची तरतूद आहे, पण ती मर्यादित आहे आणि मागावी लागते.

‘समान पद, समान निवृत्तिवेतन’ योजनेने हे गणित आणखी नाजूक केले. ५ सप्टेंबर २०१५ रोजी जाहीर झालेली ही योजना १ जुलै २०१४ पासून लागू झाली. पद, गट आणि सेवेचा कालावधी या तीन गोष्टी घेऊन तक्त्यात रक्कम शोधायची, अशी तिची रचना आहे आणि दर पाच वर्षांनी फेरनिश्चिती होते. त्यामुळे १९७८ च्या कागदावरची एक चूक २०१४, २०१९ आणि २०२४ अशा प्रत्येक फेरीत पुढे चालत राहते. जंतरमंतरवर जी मागणी माजी सैनिकांनी लढून मिळवली, तिचा पूर्ण लाभ शेवटी जुन्या वहीतील नोंद बरोबर असण्यावरच अवलंबून राहिला.

पूर्वी ही विसंगती झाकलेली राही, कारण दप्तरे तीन होती: रेकॉर्ड ऑफिसचे, अलाहाबादच्या (आता प्रयागराज) संरक्षण लेखा कार्यालयाचे आणि पैसे देणाऱ्या बँकेचे. बँकेतला ओळखीचा कारकून चेहरा पाहून पैसे देई. ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीत संरक्षण खात्याचे तीस लाखांच्या घरातील निवृत्तिवेतनधारक एकत्र आणले गेले, तेव्हा तिन्ही दप्तरांतील फरक उघडे पडले. संगणकाने चुका केल्या नाहीत, त्या दाखवल्या. पण त्या दुरुस्त करण्याचे ओझे, प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील नावबदल, तहसीलदाराचा दाखला, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या खेपा, हे सारे सत्तरी ओलांडलेल्या माणसावर येऊन पडले.

दाद मागायला जागा नाही असे नव्हे. २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापन झाले आणि २००९ पासून ते काम करू लागले. मुंबईतही त्याचे पीठ आहे. पण अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. विलंब माफ झाला, तरी २००८ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार निवृत्तिवेतनाच्या अशा प्रकरणांत थकबाकी सामान्यतः अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. वीस वर्षे कमी मिळालेल्या पैशांपैकी सतरा वर्षांचे पैसे सरकारजमाच राहतात. शिवाय निवृत्तिवेतन न मिळालेल्या सैनिकाची कागदपत्रे २५ वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे. दावा सिद्ध करण्यास लागणारा कागद सरकारने नियमानुसार जाळायचा आणि पुरावा नाही म्हणून दावाही नियमानुसार फेटाळायचा, असा हा प्रकार आहे.

सरकारची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. निवृत्तीच्या तोंडावर जन्मतारीख बदलून मागणारे कमी नसतात, आणि एकाची वाढलेली सेवा म्हणजे दुसऱ्याची हुकलेली बढती. बनावट वारसही उभे राहतात. म्हणूनच जन्मतारखेच्या दुरुस्तीला मुदत असावी, हे न्यायालयांनीही मान्य केले आहे. मात्र सेवेत असताना लाभ वाढवून मागणे वेगळे आणि विधवेच्या नावातील अक्षरदोष वेगळा. दोन्हींना एकच संशयाची फूटपट्टी लावणे हा न्याय नव्हे.

अमेरिकेने ही गाठ १९४६ मध्ये सोडवण्याचा प्रयत्न केला. तोवर सैनिकाची नोंद सुधारण्यासाठी काँग्रेसमध्ये खासगी विधेयके येत. ती बंद करून प्रत्येक दलासाठी नागरी सदस्यांची दुरुस्ती मंडळे निर्माण करण्यात आली. ‘चूक किंवा अन्याय’ आढळल्यास नोंद बदलण्याचा त्यांना अधिकार आहे. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे, पण न्यायाच्या दृष्टीने आवश्यक वाटल्यास मंडळ ती शिथिल करू शकते. तेथेही विलंब आहे, नाराजी आहे. पण तेथे अर्जदाराला आपल्याच सरकारविरुद्ध खटला भरल्याशिवाय दुरुस्ती मागता येते.

आपल्याकडे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी सैनिक आणि मंत्रालय यांच्यातील खटले कमी करण्यासाठी तज्ज्ञ समिती नेमली. तिचा अहवाल नोव्हेंबर २०१५ मध्ये आला. आपल्याच सैनिकाशी न्यायालयात झुंजणे सरकारला शोभत नाही, ही त्या प्रयत्नामागची भूमिका होती. तीच भूमिका आता नोंदींपर्यंत नेली पाहिजे. कागद ज्याच्या ताब्यात आहे, त्यानेच आधी तो तपासावा. विसंगती आढळल्यास रेकॉर्ड ऑफिसने मूळ भरतीपत्र आणि डिस्चार्ज बुक ताडून स्वतःहून दुरुस्ती करावी. जेथे आर्थिक लाभ वाढत नाही, तेथे जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याचा शेरा पुरेसा मानावा. चूक सरकारची असल्याचे सिद्ध झाल्यास तीन वर्षांची मर्यादा सरकारने स्वतः पुढे करू नये. आणि छायाप्रत घेतल्याशिवाय एकही मूळ कागद नष्ट होऊ नये.

यातील बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही. दिल्लीतील साऊथ ब्लॉक आणि सेना भवनातील फायली ज्यांच्या टेबलावरून जातात, त्यांना हे ठाऊक आहे. त्या टेबलांवर मराठी अधिकारीही आहेत. जनरल सिंह यांच्यापाशी पद होते, वकील होते आणि देशभरातील वृत्तपत्रांचे लक्ष होते. तरी त्यांना आपले वर्ष बदलून मिळाले नाही. सातारा किंवा कोल्हापूर जिल्ह्यातील सैनिकाच्या विधवेपाशी यातले काहीही नसते. तिच्यापाशी असते ते नवऱ्याचे डिस्चार्ज बुक आणि लग्नाचा एखादा फोटो. तिला न्यायालयात पाठवण्यापूर्वी सरकारने आपले दप्तर एकदा उघडून पाहावे, एवढी तिची अपेक्षा आहे.