धावड्याच्या मुलामुलींच्या हाती कॅमेरा द्या

११ जुलै २०१६ रोजी गुजरातमधील उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून भररस्त्यात मारहाण झाली. ती मारहाण साऱ्या देशाने पाहिली. पण तिचे चित्रण कुणी केले? मार खाणाऱ्यांच्या नातेवाइकांनी नव्हे, चळवळीच्या कार्यकर्त्यांनीही नव्हे. मारणाऱ्यांच्याच टोळक्याने ते केले आणि इतरांना जरब बसावी म्हणून स्वतःच पसरवले. पुढे ते त्यांच्यावरच उलटले, हजारो लोक रस्त्यावर आले, हा भाग वेगळा. त्या दिवशी ज्याच्या हाती काठी होती, त्याच्याच हाती कॅमेरा होता, हे सत्य त्यामुळे बदलत नाही.

त्याच्या दहा वर्षे आधी, २९ सप्टेंबर २००६ रोजी, भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. तेथे कॅमेरा नव्हता. मोठ्या वृत्तपत्रांना आणि वाहिन्यांना जाग यायला कित्येक आठवडे लागले. कार्यकर्ते गावात जाऊन आले, समाज रस्त्यावर उतरला, तेव्हा कुठे बातमी झाली. एका ठिकाणी कॅमेराच नाही आणि दुसऱ्या ठिकाणी आहे तो अत्याचार करणाऱ्याच्या हाती. या दोहोंमध्ये आमची जागा कोणती? आम्ही जन्मभर फक्त चित्रात दिसायचे, चित्र घ्यायचे नाही?

आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, तेव्हा हा प्रश्न मिटला, असे आमच्यातलेच काही जण सांगतात. हा भ्रम आहे. हाती पेन आले म्हणजे अर्ज लिहिता येतो असे नाही. त्यासाठी शाळा लागते. मोबाईलचेही तसेच आहे. आमची मुले दिवसभर चित्रण करतात, पण ते गाण्यावरच्या अर्ध्या मिनिटाच्या नाचाचे आणि मिरवणुकीचे. आपल्या वस्तीची गोष्ट पाच मिनिटांत कशी सांगायची, म्हाताऱ्या माणसाला बोलते कसे करायचे, घेतलेल्या चित्रणातून काय ठेवायचे आणि काय कापायचे, हे त्यांना कुणी शिकवलेलेच नाही. चित्रपटात खरी सत्ता असते ती कापणाऱ्याच्या कात्रीत.

बाबासाहेबांनी ही सत्ता फार आधी ओळखली होती. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले, तेव्हा पैसे देऊनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही. म्हणून बाबासाहेब ‘केसरी’च्या दारात बसून राहिले नाहीत. १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’, १९३० साली ‘जनता’, १९५६ साली ‘प्रबुद्ध भारत’ अशी स्वतःची पत्रे त्यांनी उभी केली. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे पोहोचले. ज्या काळात जे माध्यम लोकांपर्यंत जाते, ते हाती घ्यायचे, हा आमचा वारसा आहे. आजचे ते माध्यम चालते-बोलते चित्र आहे.

चित्रपटसृष्टीने आम्हाला काय दिले, हेही तपासू. मल्याळम भाषेतल्या पहिल्या मूकपटाची नायिका पी. के. रोझी ही दलित स्त्री होती. पडद्यावर तिने नायर स्त्रीची भूमिका केली, हाच तिचा गुन्हा ठरला. सवर्ण प्रेक्षकांनी असा गोंधळ घातला की तिला प्रांत सोडून पळून जावे लागले. मराठीत तमाशापट दणक्यात चालले. ढोलकी, घुंगरू, गळा आमचा. गोष्ट आणि गल्ला दुसऱ्याचा. गावकुसाबाहेरचा माणूस पडद्यावर आला तो दयेचा विषय म्हणून, नाही तर पाटलाच्या वाड्यावरचा गडी म्हणून.

हे चित्र फिरवले ते शिक्षणाने. आमच्या तरुणांनी हे उदाहरण नीट समजून घ्यावे. नागराज मंजुळे सोलापूर जिल्ह्यातील जेऊरचे, वडार समाजातले. मराठीत एम.ए. केल्यावर ते चित्रपट शिकले ते मुंबईच्या स्टुडिओत नव्हे आणि १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झालेल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्येही नव्हे. ते शिकले अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजच्या संज्ञापन अभ्यास विभागात. जिल्ह्याच्या गावचे ते एक साधे महाविद्यालय. तेथे शिकत असताना त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. शाळेत जाण्याची ओढ असलेल्या पारधी मुलाची ती गोष्ट. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे २०१३ साली ‘फँड्री’ आला, २०१६ साली ‘सैराट’ने तिकीटबारीवरचे मराठीचे तोवरचे विक्रम मोडले.

‘फँड्री’तले एक दृश्य आठवा. मारलेले डुक्कर बांबूला लटकवून कैकाडी कुटुंब चालले आहे आणि त्यांच्या मागे शाळेच्या भिंतीवर महापुरुषांची चित्रे आहेत. पात्रे एक शब्दही बोलत नाहीत आणि स्वातंत्र्यानंतरचा सारा हिशेब समोर येतो. कॅमेरा कुठे ठेवला म्हणजे ती भिंत दिसेल, हे कुठल्याही तंत्रज्ञाला सांगता येईल. पण ती भिंत दिसलीच पाहिजे, हे ज्याने ते जगणे जगले आहे त्यालाच कळते. म्हणून आमच्या मुलांना तंत्र शिकवायचे. जगणे त्यांच्यापाशी आहेच.

अमेरिकेतील काळ्या बांधवांनी हीच वाट धरली. त्यांच्या ब्लॅक पँथरवरून आमच्या पँथरने १९७२ साली नाव घेतले, तेव्हा हे नाते जुने आहे. १९६५ साली लॉस एंजेलिसच्या वॉट्स या काळ्या वस्तीत असंतोषाचा स्फोट झाला. त्यानंतरच्या वर्षांत तेथील विद्यापीठाच्या चित्रपट विभागाची दारे काळ्या, मेक्सिकन, आशियाई आणि मूळनिवासी विद्यार्थ्यांसाठी उघडली गेली. त्या पिढीतल्या चार्ल्स बर्नेट यांनी पदवीसाठी ‘किलर ऑफ शीप’ हा चित्रपट केला. खाटीकखान्यात राबणाऱ्या कामगाराची ही गोष्ट त्यांनी वॉट्समध्येच, शनिवार-रविवारी, शेजाऱ्यापाजाऱ्यांना पात्रे करून, दहा हजार डॉलरपेक्षा कमी खर्चात चित्रित केली. आज तो अमेरिकेच्या राष्ट्रीय ठेव्यात गणला जातो. परंतु त्यातल्या गाण्यांचे हक्क घेतलेले नसल्यामुळे १९७७ साली पुरा झालेला हा चित्रपट २००७ पर्यंत चित्रपटगृहात लागू शकला नाही. आपल्या चित्रपटात भीमगीत घालताना गायकाची, कवीची लेखी परवानगी घ्यावी लागते, एवढी साधी गोष्ट माहीत नसेल तर मेहनत तीस वर्षे डब्यात पडून राहते.

दुसरे उदाहरण कॅनडाचे. तेथे २००४ साली दिग्दर्शिका मॅनाँ बार्बो आणि मूळनिवासी संघटनांनी मिळून ‘वापिकोनी मोबाईल’ सुरू केले. रस्ते अपघातात वारलेल्या वापिकोनी आवाशिश या आदिवासी तरुणीचे नाव त्याला दिलेले आहे. मोठ्या गाडीत कॅमेरे आणि संकलनाचे यंत्र बसवून ही शाळाच आदिवासींच्या वसाहतीत जाते. विषय मुलेच ठरवतात, चित्रण आणि कापणी तीच करतात आणि शेवटी सारी वस्ती एकत्र बसून चित्रपट पाहते. विद्यार्थ्याने शहरात यायचे नाही, शाळेने गावात जायचे, हे यातले सूत्र आहे.

आता आमच्याकडे वळू. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील धावडा हे गाव घ्या. अजिंठ्याची लेणी तेथून फार दूर नाहीत. वाचता न येणाऱ्यालाही बुद्धाच्या जातककथा कळाव्यात म्हणून ज्या भिंतींवर एकामागून एक प्रसंग रंगवले गेले, त्या भिंतींच्या शेजारी हा परिसर आहे. चित्रातून गोष्ट सांगण्याची कला या मातीला परकी नाही. धावड्याच्या मुलीला ती शिकायची असेल तर तिने पुणे-मुंबईची फी, खोलीभाडे आणि खानावळ यांचा हिशेब का करत बसावे? वापिकोनीची गाडी जंगलातल्या वसाहतीत पोहोचते, तर आमची शाळा धावड्याच्या बुद्धविहारात का भरू नये? दर रविवारी विहारात वंदना होते. वंदनेनंतरचे दोन तास कॅमेऱ्याला द्या.

काय शिकवावे? पहिला धडा ऐकण्याचा. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव आमच्या वस्त्या पेटवल्या गेल्या. त्यानंतर १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत सोळा वर्षे लढा चालला. १९७८ साली जे विशीत होते ते आता सत्तरीला आले आहेत. त्यांच्या तोंडून तो काळ कुणी नोंदवला? दर वर्षी त्यातली काही माणसे जातात आणि त्यांच्यासोबत साक्षही जाते. आपल्या आजीला, आजोबांना समोर बसवून एक तास बोलते करणे, हाच या शाळेचा पहिला अभ्यास असावा. पंखा बंद करा, माईक जवळ धरा, मध्ये बोलू नका.

दुसरा धडा पुराव्याचा. २०१५ साली दुरुस्त झालेल्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील कलम १५ अ (१०) सांगते की, या गुन्ह्यांसंबंधीच्या साऱ्या कार्यवाहीचे चित्रीकरण व्हावे. वस्तीतल्या किती जणांना हे माहीत आहे? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र लागते. मूळ चित्रण पुसू नये, त्यावर गाणे चढवू नये आणि लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख कधीही उघड करू नये, हे मुलांना शिकवावेच लागेल. घाईने पसरवलेली चित्रफीत कधी कधी आपल्याच माणसाचा घात करते.

तिसरा धडा कात्रीचा. उत्तर प्रदेशातील चित्रकूटमध्ये २००२ पासून ‘खबर लहरिया’ चालवणाऱ्या, प्रामुख्याने दलित असलेल्या महिला मोबाईलवर बातम्या चित्रित करायला शिकल्या. त्यांच्यावरचा ‘रायटिंग विथ फायर’ हा माहितीपट २०२२ साली ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. तेव्हा याच महिलांनी जाहीर केले की, आमच्या कामाचा एकच भाग दाखवून आमचे अपुरे चित्र उभे केले आहे. माहितीपट करणारे त्यांच्या विरोधातले नव्हते, सहानुभूतीच असणारे होते. तरीही कात्री दुसऱ्याच्या हाती होती. सहानुभूतीने केलेले चित्र आणि स्वतः केलेले चित्र यांत हे अंतर राहतेच. सोमनाथ वाघमारे यांनी २०१७ साली भीमा कोरेगाववर स्वतः माहितीपट केला, त्याचे मोल यासाठीच अधिक आहे.

पैसा कुठून येणार, हा प्रश्न विचारला जाईल. जयंतीला डीजेवर एका रात्रीत जेवढी रक्कम उडते, तेवढ्यात एका विहारापुरते माईक, कॅमेऱ्याचा स्टँड आणि चित्रण साठवण्याची हार्ड डिस्क येते. डीजे सकाळी निघून जातो, हे साहित्य पुढच्या तुकडीच्या कामी येते. शिकलेल्या, नोकरीला लागलेल्या बांधवांनी आपले जुने लॅपटॉप विहाराला द्यावेत. विद्यापीठातून पत्रकारिता आणि नाट्यशास्त्र शिकून बाहेर पडलेल्या आमच्या मुलांनी महिन्यातला एक रविवार खेड्याला द्यावा. आणि तुकडीत निम्म्या मुली असल्याच पाहिजेत. सावित्रीमाईंचे नाव घ्यायचे आणि स्टँड मुलाच्या हाती, चहाचे कप मुलीच्या हाती, हे चालणार नाही.

सरकारी योजनेची वाट पाहत बसलो तर आणखी एक पिढी जाईल. येत्या भीमजयंतीला धावड्यासारख्या गावात मिरवणुकीच्या आधी विहाराच्या भिंतीवर पांढरी चादर बांधा आणि गावातल्याच मुलामुलींनी केलेला दहा मिनिटांचा चित्रपट दाखवा. नामांतराच्या लढ्यात घर जळालेली आजी त्या चादरीवर बोलेल, तिची नातवंडे ते ऐकतील. तयारी आजपासूनच सुरू करावी लागेल. जयभीम!