असेंब्ली भाषेतील विधान व त्याची मांडणी

संगणकाच्या स्मृतीत आज्ञा आणि संख्या या दोन्ही अंकरूपानेच राहतात, व प्रत्येक जागेला क्रमांक असतो. आरंभीच्या काळी आज्ञावली लिहिणारास हे क्रमांक स्वतःच मांडावे लागत. मध्येच एक आज्ञा घालावयाची झाल्यास पुढील सर्व जागा सरकत आणि त्यांचा उल्लेख असेल तेथे तेथे खाडाखोड करावी लागे. जागेला नाव देण्याची सोय करून असेंब्ली भाषेने हे कष्ट वाचविले.

आय.बी.एम. कंपनीने १९६४ साली जाहीर केलेल्या ‘सिस्टिम ३६०’ या संगणकमालेचे उदाहरण घेऊ. तेव्हा एकेक विधान ८० स्तंभांच्या पंचकार्डावर छिद्रे पाडून उतरवीत. विधानाचे भाग चार: नाव, क्रिया, क्रियेचा विषय आणि टीप. मूळ लेखन रोमन अक्षरांत असते. येथे ते नागरीत दिले आहे.

बेरीज   एल     ३,जमा      जमा उचला
        ए      ३,नवी      नवी मिळवा
        एसटी   ३,जमा      परत ठेवा
        बीआर   १४         माघारी जा
जमा     डीसी   एफ'२५'
नवी     डीसी   एफ'१७'

‘३’ हा यंत्रातील १६ रजिस्टरांपैकी एकाचा क्रमांक होय. शेवटच्या दोन ओळी मात्र यंत्राला दिलेल्या आज्ञा नव्हेत. ‘येथे चार बाइटांची जागा राखून तीत ही संख्या ठेव’ अशी ती असेंबलरला, म्हणजे भाषांतर करणाऱ्या आज्ञावलीला, दिलेली सूचना आहे. त्या ‘बीआर’च्या खाली आहेत, हे महत्त्वाचे. ती ओळ गाळली तर यंत्र सरळ पुढे जाऊन २५ ही संख्याच आज्ञा समजून वाचू लागेल. (पूर्ण आज्ञावलीस आरंभी व अखेरीस आणखी काही विधाने लागतात, ती येथे सोडून दिली आहेत.)

पहिल्याच ओळीत ‘जमा’ हे नाव येते, परंतु त्याची जागा पाचव्या ओळीवाचून कळत नाही. यास्तव असेंबलर मजकूर दोनदा वाचतो. पहिल्या वेळी तो केवळ जागा मोजतो: ‘बेरीज’ शून्यावर धरल्यास पहिल्या तीन आज्ञा प्रत्येकी चार बाइट व्यापतात, चौथी दोन, एकूण १४. अशी संख्या चारने भाग जाणाऱ्या जागी ठेवावयाची असल्याने दोन बाइट रिकामे सोडून ‘जमा’ १६ वर येते, ‘नवी’ २० वर. दुसऱ्या वेळी या कोष्टकाच्या आधारे नावांच्या जागी पत्ते भरले जातात.

या भाषेत कोऱ्या जागेलाही अर्थ आहे. नाव पहिल्या स्तंभापासूनच सुरू झाले पाहिजे; तो स्तंभ कोरा असल्यास विधानाला नाव नाही असे ठरते, आणि तेथे तारका असल्यास सारी ओळच टीप मानली जाते. विषय लिहिताना मध्ये जागा सोडून चालत नाही, कारण कोरी जागा आली की विषय संपला. सर्वांत फसवा तो ७२ वा स्तंभ. तेथे कोणतेही चिन्ह पडले, की पुढील कार्ड हे याच विधानाचा उर्वरित भाग समजले जाते. ऐसपैस लिहिलेल्या टिपेचे एखादे अक्षर तेथवर पोहोचले, तर खालची निर्दोष आज्ञा स्वतंत्र विधान म्हणून वाचलीच जात नाही.